आळणी वारूळ

माणसाला वेड लागायला फार मोठं कारण लागत नाही. थेंबमास्तरांना एक मुंगी पुरली. अर्थात मुंगी हे निमित्त. वेडाचं खरं कारण कॉलेजच्या फाटकासमोर, एका जिन्याखाली बसून लोकांच्या पिशव्यांच्या चेनी दुरुस्त करत होतं.

थेंबमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते हजेरीपटाखेरीज कुणालाच आठवत नव्हतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे बोळकांडीएवढी एक खोली होती. तिथे काचेच्या यंत्रात पाणी उकळे, त्याची वाफ होई, वाफ गार होऊन पुन्हा पाणी होई आणि थेंबाथेंबानं बरणीत पडे. या डिस्टिल्ड वॉटरची राखण करणं ही मास्तरांची नोकरी. सत्तावीस वर्षं ते थेंब पडताना पाहत होते. दुसरा कुणी असता तर डोक्यावर परिणाम झाला असता. मास्तर मात्र दिवसेंदिवस प्रसन्न होत गेले.

शुद्धपणा हे त्यांचं एकमेव व्यसन. काचेचं भांडं ते तीनदा धूत. एकदा नळाच्या पाण्यानं, कारण तसा नियम होता. आणि दोनदा आपल्या पाण्यानं, कारण नळाच्या पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हात पुसायला वेगळा रुमाल आणि तो रुमाल ठेवायला वेगळी डबी. घरी थोरली बहीण होती, तिला सगळे ताई म्हणत. यजमान गेल्यावर ती या धाकट्या भावाकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून त्याच्या लग्नाच्या मागे लागली. तिनं आणलेल्या प्रत्येक स्थळाला मास्तर ‘बघू’ म्हणाले. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ‘बघू’शी कोण भांडणार? असं बघता बघता मास्तर एक्कावन्न वर्षांचे झाले आणि ताईनं हात टेकले. म्हणजे तसं ती म्हणायची. हात तिचे कंबरेवरच असायचे.

आणि मग मास्तरांच्या पिशवीची चेन बिघडली.

जिन्याखालच्या बाई चेनी, छत्र्या आणि सूटकेसची चाकं दुरुस्त करत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि स्वभाव असा की अडलेल्या चेनीशीसुद्धा गप्पा मारतील. चेन हातात घेतली की विचारायच्या, काय गं, कुठे अडलीस. मास्तर समोर उभे होते आणि आपल्याला कुणी असं विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला. त्या वर्षात त्यांच्या पिशवीची चेन सात वेळा बिघडली. ती आपणहून बिघडली असं फक्त दोनदा झालं.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार बाईंच्या लक्षात आला नसेल असं समजायचं काही कारण नाही. पण त्या बोलल्या नाहीत. एका दमट सकाळी मास्तर आठव्यांदा पिशवी घेऊन गेले, तेव्हा बाईंनी चेनीकडे पाहिलंही नाही. चेनींच्या सुट्या रनरचा डबा त्यांनी पुढे सरकवला. आत, पितळी रनरच्या ढिगात, एक टपोरी काळी मुंगी फिरत होती.

“काल हिला पंख होते,” बाई म्हणाल्या. “आज बघते तर स्वतःच तोडून टाकलेत. ही साधी मुंगी नाही, मास्तर. तुम्ही प्रयोगशाळेतले ना, सांभाळाल का हिला?”

मास्तर प्रयोगशाळेतले होते म्हणजे पाण्याच्या बरणीजवळचे होते. मुंगीबद्दल त्यांना इतकंच ठाऊक होतं की ती साखरेच्या डब्यात असते. पण बाईंनी त्या दिवशी केसांना नवीन पिन लावली होती, आणि अशा वेळी त्यांनी हत्ती सांभाळायला दिला असता तरी मास्तर हो म्हणाले असते.

कीटकांच्या मॅडम प्राणिशास्त्र विभागात वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं की ही राणी आहे, बिया खाणाऱ्या जातीची, आणि हिचं आख्खं राज्य अजून हिच्या पोटात आहे. परीक्षानळीत अर्ध्यापर्यंत पाणी भरा, त्यावर कापसाचा बोळा घट्ट बसवा, कोरड्या बाजूला राणी सोडा, तोंडाशी दुसरा बोळा लावा आणि दीड महिना तिला त्रास देऊ नका. मास्तरांनी नळी नऊ वेळा धुतली. पाणी अर्थातच आपलं घातलं, तेही दोनदा गाळलेलं. या जगात कुठल्याही राणीला इतकं शुद्ध पाणी मिळालं नसेल, या विचारानं त्यांना दोन दिवस झोप नीट लागली नाही.

दीड महिन्यानं नळीत पाच बारक्या मुंग्या निघाल्या आणि मास्तर जिन्यापर्यंत धावत गेले. एक्कावन्न वर्षांचा माणूस भर रस्त्यात धावतोय म्हटल्यावर दोघातिघांनी आग कुठे लागली ते विचारलं. बाईंनी बातमी ऐकून हातातली छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग दर शनिवारी आकडा सांगायला या, असं त्यांनी बजावलं. बस. पिशवीच्या चेनीला मोडण्यापासून कायमची सुटका मिळाली.

त्याच आठवड्यात मास्तरांनी एक पण केला. बाईंना लग्नाचं विचारायचं, हे त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. पण कधी, या प्रश्नाशी घोडं अडलं होतं. मुंग्या शंभर झाल्या की विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. शंभरच का, तर शंभर हा आकडा त्यांना सभ्य वाटला. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘१०० झाल्यावर विचारणे’, आणि कुणी पाहत नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. खोलीत मास्तर आणि थेंब यांच्याखेरीज कुणी नव्हतं.

मुंग्यांना आता घर हवं होतं. मास्तरांनी प्लास्टरच्या ठोकळ्यात खोल्या कोरल्या, वर काच बसवली, ठोकळ्याचा एक कोपरा ओला राहील अशी सोय केली, बाजूला खाण्यापिण्याची झाकणवाली पेटी जोडली आणि सगळं घरी टेबलावर मांडलं. पेटीत पाण्याची उलटी नळी, नळीच्या तोंडाशी कापूस. खायला तीळ आणि गवताचं बी, तेही डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीनदा धुऊन वाळवलेलं. अधूनमधून प्रयोगशाळेतली साखर, जिच्या बाटलीवर शुद्धतेची टक्केवारी छापलेली होती. पेटीत हात घालताना ते रबरी हातमोजे घालत. शनिवारी सकाळी मोजणी. मुंग्या काही रांगेत उभ्या राहत नाहीत, म्हणून मास्तर तीनदा मोजत आणि सरासरी काढत. एकदा सरासरी सदुसष्ट आणि दोन तृतीयांश आली. बाईंनी त्या दोन तृतीयांश मुंगीची आठवडाभर चौकशी केली.

सत्तर, एकोणऐंशी, सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशीला मास्तरांनी नवीन शर्ट शिवायला टाकला.

आणि तिथून आकडा उतरायला लागला. पुढच्या शनिवारी चौऱ्याऐंशी, मग एकोणऐंशी, मग बाहत्तर. मुंग्या चालायच्या, पण पाय ओढत. बिया पडून राहायला लागल्या. पेटीच्या कोपऱ्यात रोज दोनतीन मेलेल्या असायच्या आणि मास्तर त्या चिमट्यानं उचलताना मान खाली घालायचे. त्यांनी नळी आणखी धुतली. बिया तीनऐवजी पाचदा धुतल्या. पाणी तिसऱ्यांदा गाळलं. जितकी शुद्धता वाढली तितका आकडा उतरला. शर्ट शिवून आला, तो त्यांनी घडी न मोडता कपाटात ठेवून दिला. आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते मुंग्यांनासुद्धा कळलंय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

अठ्ठावन्नला बाई म्हणाल्या, पेटी घेऊनच या, मला बघू द्या.

ऐन दुपारी मास्तर पेटी पोटाशी धरून, वर छत्री धरून, रस्ता ओलांडून गेले. ऊन असं होतं की जिन्याखालचा लोखंडी गज हाताला चटका देत होता. बाईंनी सकाळपासून एका मोठ्या बॅगेची चेन ओढून ओढून बसवली होती आणि त्यांच्या कपाळावर, मानेवर, हातावर घाम होता. मास्तर खिशातून हातमोजे काढेपर्यंत त्यांनी झाकण उघडलं आणि अंगठा आत घातला.

सव्वा वर्षात त्या पेटीत न धुतलेली एक वस्तू गेली नव्हती. चावतील, इतकंच ते कसंबसं म्हणाले.

पण मुंग्या चावल्या नाहीत. आधी एक आली. तिनं मिशा लावून पाहिल्या आणि तोंड खाली टेकवलं. मग दुसरी आली, मग चार, मग पाय ओढणाऱ्या सगळ्याच. बघता बघता अंगठ्याभोवती गर्दी झाली, आणि एकही कुठे हलेना. त्या चाटत होत्या. बाईंनी दहा मिनिटं अंगठा हलवला नाही. एक गिऱ्हाईक छत्री घेऊन आलं, त्याला त्यांनी डाव्या हातानं थांबायची खूण केली. मास्तर वाकून पाहत होते आणि त्यांना मुंग्यांचा चक्क हेवा वाटत होता, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

“घामाला आल्यात,” बाई म्हणाल्या. “मास्तर, तुम्ही यांना मीठ देता ना?”

मास्तर सरळ झाले. “मीठ? बाई, सत्तावीस वर्षं मी पाण्यातलं मीठच तर काढतोय.”

“पाण्यातलं काढा की. यांच्यातलं कशाला काढता?”

मास्तर पेटी घेऊन तसेच वरच्या मजल्यावर गेले. कीटकांच्या मॅडमनी सगळं ऐकलं, ओठ दाबून धरले, आणि शेवटी टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी समजावलं. ज्या मुंग्या दुसरे किडे खातात त्यांना मीठ शिकारीतून मिळतं. बिया खाणारीचं तसं नाही, बीमध्ये मीठ जवळजवळ नसतंच. मोकळ्यावर असती तर तिनं ते मातीतून, शेणातून, कुणाच्या घामातून मिळवलं असतं. तुम्ही तिला जगातून उचललंत आणि जगातली सगळी चव धुऊन काढून मग जेवायला वाढलंत. किती मीठ द्यायचं, असं मास्तरांनी वही उघडून विचारलं. मॅडम म्हणाल्या, ते तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. मीठ एका बाजूला, साधं पाणी दुसऱ्या बाजूला. बी कोरडं असतं, त्यामुळे साधं पाणी कधीच बंद करायचं नाही. ज्याला जे हवं ते तो घेईल.

घरी येऊन मास्तरांनी पाच बोळे मांडले. पहिल्यात नुसतं पाणी, आणि पुढे मीठ वाढत वाढत पाचव्यात पेलाभर पाण्याला आख्खा चमचा. पाचव्याजवळ मुंग्या गेल्या, मिशा लावल्या आणि वळल्या. गर्दी झाली ती दुसऱ्यावर, पेल्याला पाव चमचा मीठ होतं त्याच्यावर. काही मुंग्या तिथून थेट साध्या पाण्याकडे जाऊन पुन्हा परत येत होत्या. मास्तर जमिनीवर पालथे पडून तासभर पाहत राहिले. ताईनं चहा आणला, तिला वाटलं भावाची पाठ धरली. भाऊ उठला, तिच्या हातातून कप घेतला आणि म्हणाला, ताई, आपण किती मूर्ख असतो गं. ताईनं त्या ‘आपण’मध्ये स्वतःला धरलं नाही.

आठवड्यात मुंग्या पळायला लागल्या. दोन महिन्यांत आकडा सत्तरीत, मग ऐंशीत. मास्तर थेंबांच्या खोलीत गुणगुणायला लागले. एकदा तर त्यांनी बरणी भरून वाहू दिली, जे सत्तावीस वर्षांत झालं नव्हतं. शनिवारी आकडा सांगून झाला तरी ते जिन्याखाली रेंगाळत, आणि बाईही ‘अजून काय’ असं विचारत. अजून काय, हे मास्तरांच्या ओठांवर यायचं आणि शंभर झाले नाहीत म्हणून परत जायचं. मग आकडा झाला चौऱ्याण्णव. सहा मुंग्या. फक्त सहा.

नेमकं तेव्हाच कॉलेजनं मास्तरांना दोन दिवस परीक्षेच्या कामाला परगावी धाडलं. निघताना त्यांनी ताईला बजावलं की पेटीला हात लावू नकोस.

ताईनं लावला नसताही. पण टेबल पुसताना वही खाली पडली आणि शेवटचं पान उघडलं. ‘१०० झाल्यावर विचारणे.’ ताई अडाणी नव्हती. दर शनिवारी भाऊ केस विंचरून कुठे जातो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. काय विचारणे आणि कुणाला विचारणे हे तिनं क्षणात ओळखलं, आणि तिचा आनंद असा उसळला की ती थोडा वेळ खुर्चीवर बसली आणि रडली. मग आतल्या पानावर तिनं आकडा वाचला: चौऱ्याण्णव. आणि त्याखाली भावाच्या अक्षरात, ‘मिठामुळे वाढ’. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा निवांत होता आणि बाशिंग बहिणीच्या गुडघ्याला होतं. बोळ्यावर एवढंसं मीठ कसलं देतोस, असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. तिनं पिण्याच्या पाण्याची नळी काढली, पेल्यात चांगलं चमचाभर मीठ विरघळवलं, नळी त्यानं भरली आणि जागच्या जागी लावून टाकली.

मास्तर परत आले तेव्हा पाण्याच्या नळीजवळ एकही मुंगी नव्हती. पेटीत मेलेल्या मुंग्या इथेतिथे पडल्या होत्या. उरलेल्या सगळ्या ठोकळ्याच्या ओल्या कोपऱ्यात दाटीवाटीनं चिकटल्या होत्या, प्लास्टरला तोंड लावून. पिण्याजोगं पाणी त्या घरात तेवढंच होतं. मास्तरांनी नळीच्या तोंडाचा कापूस जिभेला लावला आणि वळून ताईकडे पाहिलं.

ताईचा चेहरा पडला. एवढी वर्षं स्वयंपाकात मीठ मीच घालते, कुणी तक्रार केली नाही, असं ती म्हणायला गेली आणि मधेच थांबली. तुझं लवकर व्हावं म्हणून केलं रे, असं म्हणून तिनं तोंड पदरात लपवलं. मास्तरांना राग येईना. त्यांनी साधं पाणी भरून नळी लावली, आणि मुंग्या त्यावर अशा तुटून पडल्या की दोघंही भाऊबहीण पाहत राहिले. मोजणी केली तेव्हा आकडा आला शहात्तर.

शनिवारपर्यंत वाट पाहणं मास्तरांना जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पेटी उचलली, वही काखेत मारली आणि आपण राणी परत करायला चाललोय असं ताईला सांगितलं. आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. दोनदा घडी बसली आणि दोनदा विस्कटली, एकदा मीठ नव्हतं म्हणून आणि एकदा होतं म्हणून. शंभराचा आकडा आपल्या कपाळी लिहिलेलाच नाही, अशी त्यांची खात्री झाली होती.

जिन्याखाली बाई एका सूटकेसला चाक बसवत होत्या. मास्तरांनी पेटी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताई, चमचा, ओला कोपरा, शहात्तर. आणि बोलण्याच्या भरात पणही सांगून टाकला, म्हणजे शंभर झाल्यावर काहीतरी विचारायचं होतं, इथपर्यंत. काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्यांनी चाक बाजूला ठेवलं, मास्तरांच्या खिशातलं भिंग काढून घेतलं आणि काचेवर धरलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ही पांढरी तांदळाएवढी काय आहेत. मास्तर म्हणाले, ती पिल्लं. काही अळ्या, काही कोषात. चांगली पन्नासेक असतील. पाणी नव्हतं तेव्हा मोठ्यांनी त्यांना उचलून ओल्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं, म्हणून वाचली.

“ही धरलीत का आकड्यात?”

“नाही. चालतात तेवढ्याच मोजतो.”

बाईंनी भिंग खाली ठेवलं. “माझी आई शेवटची तीन वर्षं अंथरुणात होती, मास्तर. चालत नव्हती. म्हणून आम्ही तिला घरातून वजा नव्हतं केलं.”

बाईंनी वही ओढून घेतली आणि मागची पानं उलटायला लागल्या. मास्तर टिपणं ठेवण्यात पक्के. प्रत्येक शनिवारच्या आकड्याशेजारी समासात बारीक अक्षरात त्यांनीच लिहून ठेवलं होतं, पांढरी अंदाजे तीस, पांढरी अंदाजे पस्तीस. बाई बोटानं बेरजा करत गेल्या आणि एका पानावर थांबल्या. त्रेसष्ट आणि चाळीस. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती.

मास्तरांनी ती तारीख वाचली. पुन्हा वाचली. अकरा महिने, दर शनिवारी, ते इथे उभं राहून, न विचारताच घरी गेले होते. त्यांना एकदम हसू यायला लागलं, ते थांबेना, आणि हसता हसता ते त्या बिनचाकाच्या सूटकेसवर बसले.

“मग,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “शंभर होऊन किती दिवस झाले. विचारा की.”

मास्तरांनी वर्षभर घोटून ठेवलेलं वाक्य बारा शब्दांचं होतं. त्यातले चारच बाहेर आले, तेही उलटसुलट. बाईंना तेवढे पुरले. त्या हो म्हणाल्या, लगेच, मास्तरांचा शेवटचा शब्द संपायच्या आत, आणि मग तोंड फिरवून उगाचच रनरचा डबा हलवत बसल्या. सूटकेसचा मालक येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. त्यांच्या कपाटात शर्ट होता, ताईला सांगायचं होतं, सुट्टी टाकायला हवी होती, आणि सगळं नीट व्हायला हवं होतं. साधारण किती दिवसांनी करायचं, असं त्यांनी वही उघडून विचारलं.

बाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“मास्तर, आता पुन्हा मोजत बसू नका.”